मांडवातल्या खोक्यावरची चिकटपट्टी

ती घटना आठवली की आजही मला आधी आवाज ऐकू येतो, माणसं नंतर दिसतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातल्या आरोपींचे चेहरे आता पुसट झाले आहेत. या प्रकरणात कोणाला खरचटलंसुद्धा नाही आणि शेवटी गुन्हाही दाखल झाला नाही. कागदोपत्री पाहिलं तर त्या दिवशी काहीच घडलं नाही. तरी माझ्या सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त खुपणारी दुपार तीच आहे.

मी तेव्हा जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात, केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी सहायक पोलीस निरीक्षक होतो. मूळचा मी धुळे जिल्ह्यातला, पिंपळनेरकडचा. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. फैजपूरपासून ते गाव फार लांब नाही, एवढं पुरे. ठाण्यापासून अकरा किलोमीटर. गावात मंदिर आणि मशीद यांच्यात दोनशे पावलांचं अंतर, आणि मधल्या गल्लीत शिंपी, पत्र्याचे डबे करणारे, गाद्या भरणारे आणि एक चाचा.

चाचा म्हणजे गावचे माइक दुरुस्त करणारे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग ॲम्प्लिफायर. मंदिराच्या सप्ताहाचा आणि मशिदीचा, दोन्हीकडचा आवाज त्यांच्याच हातात. चाचा आजारी पडले तर दोन्हीकडचे भोंगे मुके होतील, अशी गावात थट्टा चालायची. मुसलमान वस्तीत कोणाचं मरण झालं की मशिदीतून त्याचं ऐलान, म्हणजे जाहीर सूचना, तेही चाचाच करायचे.

त्या वर्षी चैत्रात चाचा खरंच आजारी पडले. सप्ताह तोंडावर आला होता. मुलगा बापाच्या उशाशी बसलेला, म्हणून समितीने मांडवाचं काम बाहेरच्या एका डेकोरेशनवाल्याला दिलं. माइक आणि बाकीची यंत्रं मात्र मंदिराचीच, चाचा दरवर्षी लावायचे तीच. सप्ताहाचे सहा दिवस सुरळीत गेले. सातव्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला, ठाण्यात गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, लवकर या. काल्याच्या कीर्तनात कोन्ही तरी मशिदीची बांग लावली. पोरं ऐकत नाहीत."

पहिल्या खबरेबद्दल माझा एक अनुभव आहे. काहीतरी घडलंय हे त्यात खरं असतं, काय घडलंय हे बहुतेकदा चुकीचं असतं. मी स्टेशन डायरीत नोंद करायला सांगून निघालो. जीप चालवणारा शिपाई शिरपूरकडचा, माझ्यासारखाच अहिराणी बोलणारा. गावच्या वेशीवर त्याने ब्रेक लावला आणि म्हणाला, "साहेब, बठ्ठं गाव आठेच जमेल शे."

बठ्ठं, म्हणजे सगळं गाव खरंच तिथे होतं. झालं होतं ते असं. कीर्तन रंगात आलेलं, बुवांनी गळ्यातला माइक बंद करून दहीहंडीला हात घातला, टाळ-मृदंग क्षणभर थांबले, आणि त्या शांततेत मांडवाच्या चारही स्पीकरांतून एका पुरुषाचा आवाज आला. "हजरात, एक जरूरी ऐलान..." पुढे चाचांचं नाव, त्यांचा इंतकाल झाल्याची खबर, आणि असरच्या नमाजनंतर जनाजा. आवाज मध्येच एकदा अडकला होता, मग पुन्हा सुरू झाला. चाचा गेले होते. चाळीस वर्षं वस्तीतली सगळी मरणं त्यांनी सांगितली, त्यांचं स्वतःचं सांगायची पाळी मुलावर आली. ते ऐकू आलं कुठे, तर काल्याच्या हंडीवर.

सप्ताह समितीचे प्रमुख म्हणजे एक नाना. साठी उलटलेले, केळीचे मोठे शेतकरी, आवाज कधी न चढवणारे. ते घामाघूम होऊन मांडवाच्या खांबाला धरून उभे होते.

"साहेब, इतके साल झाले सप्त्याले, असं कधी झालं नाही. हंडी फोडाच्या टायमाले मयताची खबर? गावावर काय येईन?"

नाना घाबरले होते. त्यांच्यामागची पोरं मात्र संतापली होती. त्यांचा हिशोब सरळ होता. आवाज चाचाच्या मुलाचा, हे सगळ्यांनी ओळखलं. मुलगा स्वतः मेकॅनिक. यंदा मांडवाचं काम हातचं गेलं, म्हणून सूड घेतला. मांडवात कुठेतरी यंत्र लपवलं असणार. गुन्हा दाखल झाल्याशिवाय पंगत बसणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. हजार माणसांचा महाप्रसाद शिजून तयार होता. हजार उपाशी माणसं आणि एक अफवा, यापेक्षा वाईट बंदोबस्त मला माहीत नाही.

मी गल्लीत गेलो. चाचांच्या घरासमोर पडदा लावलेला, आत मयताला अंघोळ घालणं चालू होतं. मुलगा बाहेर आला. तीस-बत्तिशीचा, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, हात ओले. मी म्हटलं, चल. तो काही न विचारता पायांत चप्पल घालू लागला. घरातून एक बाई रडत म्हणाली, "अरे, पाणी तर पुरं घालू द्या त्याला." मी ऐकलं आणि त्याला जीपमध्ये बसवलं. तिथे ठेवला असता तर जमाव घरावर गेला असता, हे माझं कारण. ते कारण तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे.

ठाण्यात आणल्यावर मी स्वतः विचारपूस केली. जबाब लिहायला एक जुने हवालदार बसले होते. माठातलं पाणी दिलं, ते त्याने प्यायलं नाही.

"मांडवात कधी गेला होतास?"

"गेलोच नाही साहेब. महिना झाला, अब्बाजवळच होतो."

"मग तुझा आवाज तिथे कसा आला?"

"मी मशिदीत ऐलान केलं. कॉर्डलेस माइकवर. दुसरं काही नाही."

"आवाज हवेतून उडत गेला?"

त्याने दुमडलेल्या बाह्या खाली केल्या. मग म्हणाला, "साहेब, मांडवातल्या खोक्याला दोन बटनं आहेत. दुसऱ्या बटनावर अब्बा काळी चिकटपट्टी लावायचे. ती पट्टी आहे का, तेवढं बघा ना."

चाळीस मिनिटांत मी त्याला तीनदा खोटं ठरवलं होतं आणि त्याच तालात होतो. मी म्हटलं, "विचारतो तेवढंच सांग." हवालदारांनी पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नाही म्हटलं. पट्टीचं वाक्य जबाबात गेलं नाही.

संशयित आपल्या धंद्यातलं बोलायला लागला की तो आपल्याला चकवतोय, असं पोलिसाला वाटतं. सोनार सोन्याच्या कसाबद्दल बोलला, ड्रायव्हर क्लचबद्दल बोलला, की आमचा संशय वाढतो. वास्तविक त्या खोलीत त्या विषयातलं कळणारा तो एकटाच असतो.

उठताना त्याने मला एकच गोष्ट विचारली. "साहेब, असरच्या आधी सोडाल ना? मिट्टी द्यायची आहे."

असर म्हणजे उन्हं कलल्यावरची नमाज, त्या दिवसांत पाचच्या सुमारास. तेव्हा एक वाजला होता. मी म्हटलं, "असरच्या आधी सोडतो." त्याने मान डोलावली आणि बाकावर जाऊन बसला.

दहा मिनिटांनी डीवायएसपी साहेबांचा फोन आला. त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. पंगती एकदा बसल्या की पाच-सहापर्यंत चालणार, असरला जनाजा निघाला तर नेमका पंगतींच्या समोरून जाणार. जोहरच्या नमाजनंतर, म्हणजे दीड-दोनलाच, आटोपून घ्यायला सांगा. मी त्याच मिनिटाला मशिदीच्या बुजुर्गांना फोन लावला. ते म्हणाले, शिरपूरहून पाहुणे निघालेत, थोडं थांबलं तर बरं. मी म्हटलं, थांबता येणार नाही. ते म्हणाले, ठीक आहे. आणि मग, "साहब, बेटे को भेज देते. बाप को कंधा तो दे देता."

मी म्हटलं, "बघतो."

गडबडीत माझ्या लक्षात राहिलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. लक्षात होतं. ताब्यातला माणूस जनाज्यात दिसला तर पोरं भडकतील, हे गणित मी मनात केलं होतं आणि गणित सुटल्यावर विषय बंद केला होता. त्याला दिलेला शब्द मोडत नव्हताच. असरच्या आधी सोडतो म्हटलं होतं, असरच्या आधी सोडणार होतो.

मांडवात लपवलेलं यंत्र शोधायचं, तर ते आमच्या शिपायांचं काम नव्हतं. मी नियंत्रण कक्षाला कळवलं. सुदैवाने पोलिसांच्या बिनतारी विभागाच्या एक महिला फौजदार वॉकीटॉकी तपासायला फैजपूरला आलेल्या होत्या. त्या आणि मी एकाच वेळी गावात पोचलो. बारीक चणीच्या, फार न बोलणाऱ्या बाई. खांद्याच्या पिशवीतून त्यांनी विटेएवढं एक यंत्र काढलं, वर बोटभर अँटेना. स्पेक्ट्रम ॲनलायझर. हवेत त्या घडीला कोणकोणत्या लहरींवर काय चाललंय ते हे यंत्र पडद्यावर काढून दाखवतं, असं त्यांनी मला आणि भोवतीच्या पन्नास माणसांना सांगितलं.

"आधी मांडवातलं सगळं बंद करा. मोबाइलवर बोलू नका," त्या म्हणाल्या.

पडद्यावर खालच्या बाजूला एक थरथरणारी हिरवी रेघ होती. बाई यंत्र हातात धरून मांडवाभोवती फिरल्या, प्रत्येक खांब, प्रत्येक स्पीकर, सतरंज्यांच्या घड्या, बुवांच्या बैठकीची फळी. मागून जमाव. दोन जण तर त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. रेघ खालीच राहिली. लपवलेलं यंत्र कुठेच नव्हतं.

मग त्यांनी बुवांचा माइक चालू करायला सांगितला. रेघेत एका जागी, ज्वारीच्या वावरात एखादंच ताट उंच वाढावं, तसा काटा वर आला. माइक बंद केला, काटा गेला. बाईंनी आकडा वहीत लिहिला.

"आता मशिदीतला माइक चालू करायला कोणाला तरी पाठवा."

मी माझ्या ड्रायव्हरला पाठवलं, कारण मशिदीतली सगळी माणसं जनाज्याला गेली होती. आम्ही वाट पाहत उभे असताना गल्लीच्या त्या टोकाने जनाजा गेला. माणसं फार नव्हती. पावलं भराभर पडत होती. मांडवातली पोरं आपोआप गप्प झाली. मी टोपी काढली. जनाजा वळणाआड गेल्यावर टोपी घातली आणि परत यंत्राकडे वळलो.

मशिदीतला माइक चालू झाला. पडद्यावर दुसऱ्या जागी काटा वर आला, पहिल्यापासून चांगला लांब. बाईंनी मांडवातलं खोकं, म्हणजे कॉर्डलेसचा आवाज पकडणारा रिसीव्हर, उलटं करून त्याच्या पाठीवरचे आकडे वाचले. दोन माइकांचे दोन आकडे. पहिला बुवांच्या माइकाचा. दुसरा, आत्ता मशिदीत चालू असलेल्या माइकाचा.

"एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन सेट आहेत. एक इथे, एक तिकडे," बाई म्हणाल्या. "इथला दुसरा आवाज बंद ठेवला तर काही होणार नाही. उघडा राहिला तर तिकडचं सगळं इथे वाजणार." मग त्यांनी दुसऱ्या बटनावर अंगठा फिरवला. "याला काहीतरी चिकट लागतंय."

डेकोरेशनवाल्याचा माणूस पुढे आला. स्वच्छतेचा भोक्ता असावा. सहज सांगावं तसं त्याने सांगितलं, "तिथे जुनी काळी पट्टी होती. घाण दिसत होती, म्हणून आज सकाळी पुसताना काढून टाकली. आणि सगळी बटनं फिरवून एकसारखी करून ठेवली."

पट्टी टेबलाखाली सापडली, गोळा झालेली, बुक्का लागलेली.

बाईंनी मांडवाची वीज चालू करायला लावली. मी ड्रायव्हरला फोनवर म्हटलं, बोल काहीतरी. चारही स्पीकरांतून त्याचा अहिराणी वळणाचा आवाज आला, "साहेब, काय बोलू?" कोणी हसलं नाही. मघाचा आवाज आला होता तसाच, तितकाच मोठा, त्याच जागेतून हा आवाज आला होता, आणि ते लहान पोरालाही कळलं.

नाना खाली सतरंजीवर बसले. "पट्टीचं मले माहीत व्हतं साहेब," ते म्हणाले. "दरसाल लावत जाये तो. मी एकदा इचारलं, काहाले लावतो रे? तर म्हने, नाना, इकडचं इकडे ऱ्हाऊ द्या अन् तिकडचं तिकडे. मी हासलो. आज मले एकदाबी याद नाही आली." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "त्याले सोडा साहेब. कागदावर काय सही पाहिजे ते सांगा."

मी पंचनामा केला. एक पंच मंदिराकडचा, एक गल्लीतला. बाई यंत्र पिशवीत घालत होत्या. त्यांनी विचारलं, "मुलगा मेकॅनिक आहे म्हणता. त्याला काही माहीत नव्हतं?"

"त्याने पट्टी बघा म्हणून सांगितलं होतं."

"कधी?"

"एकच्या आधी."

बाईंनी पिशवीची चेन लावली. यंत्राची गरजच नव्हती. एक माणूस मशिदीत पाठवून एक मांडवात उभा केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता, आणि मुलगा अंघोळीचं पाणी पुरं घालून बापाला खांदा द्यायला मोकळा झाला असता.

ठाण्यात फोन करून त्याला दुसऱ्या जीपने थेट कब्रस्तानात आणायला सांगितलं. मी आणि नाना पायी गेलो. आम्ही पोचलो तेव्हा माणसं परतायला लागली होती. कबर बुजवून झाली होती, वरून पाणी शिंपडलेलं, माती काळी पडलेली. जीप आली. मुलगा उडी मारून उतरला आणि पळत फाटकातून आत आला. मग चालायला लागला.

त्याचा मेहुणा तिथे होता. मुलाने त्याला विचारलं, "असर कहा था ना?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. "साहब का फोन आया था. जल्दी करो बोले."

मुलगाही माझ्याकडे वळला. तो चिडेल, शिवी देईल, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, दिली असती तर बरं झालं असतं. तो पाठ फिरवून कबरीकडे गेला. मग खाली बसून त्याने बाजूला सांडलेली माती मुठीत घेतली आणि कबरीवर टाकली. तीन वेळा. नाना फाटकाबाहेर होते. त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि त्याच्यामागे हात जोडून उभे राहिले. मी बूट घालून तिथेच उभा होतो.

त्या संध्याकाळी पंगती शांततेत उठल्या. महिन्याभराने मला प्रशंसापत्र मिळालं. शास्त्रीय साधनांचा वापर करून सामाजिक सलोखा राखल्याबद्दल. बायकोने ते चौकटीत लावू म्हटलं, मी नको म्हटलं. ते कपाटात आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत असे. समोरचा माणूस बचावासाठी जे सांगतो ते आधी तपासा, आरोप नंतर तपासा. आरोपाला कुठे जायची घाई नसते. समोरच्या माणसाला असू शकते. हवेतला आवाज नेमका कुठून येतो ते दाखवणारं यंत्र आमच्याकडे होतं. समोर बसलेला माणूस खरं बोलतोय, हे ऐकायला यंत्र लागत नव्हतं, आणि ते मला जमलं नाही.

पुढच्या चैत्रात मी त्याच ठाण्यात होतो. सप्ताहाच्या आदल्या दिवशी मांडव बघायला गेलो, तर नानांनी काम चाचांच्या मुलाला दिलेलं. तो खोकं मांडीवर घेऊन बसला होता. दुसरं बटन त्याने शेवटपर्यंत मागे फिरवलं, काळ्या चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला आणि त्यावर अंगठ्याने घट्ट दाबून बसवला. मला पाहून उठला, सलाम केला. नानांनी हाक मारली, "माइक बोलून पाहाय रे एकदा."

त्याने माइक चालू केला, तोंडाजवळ नेला आणि थांबला. मग तो माझ्यापुढे धरला.

"तुम्हीच बोला साहेब. या स्पीकरातून माझा आवाज गावाने एकदा ऐकलाय."

मी माइक घेतला. एक, दोन, तीन म्हटलं. रिकाम्या मांडवात माझा आवाज चारही बाजूंनी परत आला. मी माइक बंद केला, बंद झाल्याची खात्री केली, आणि मग त्याची माफी मागितली. त्याने माइक माझ्या हातातून घेतला आणि त्याची तार नसलेली खालची बाजू उगाच पुसत राहिला. मग म्हणाला, "चाय पिऊन जा साहेब."

स्टेशन डायरीत त्या माफीची नोंद नाही. म्हणून इथे करतो आहे.